न चाललेला रुपया

मराठींत माणसाच्या सचोटीची परीक्षा फार पूर्वींपासून नाण्याच्या भाषेंत होत आली आहे. भरंवशाच्या मनुष्यास आपण बंदा रुपया म्हणतों. त्याचें नाणें खणखणीत आहे असें सांगतों. आणि ज्याचें कोठें जमत नाहीं त्याचें नाणें चाललें नाहीं, असा शेरा मारतों. या साऱ्या बोलण्यांत एक गोष्ट गृहीत आहे, ती ही कीं नाणें चालावयाचें असतें. वाजवून घ्यावें आणि पुढें द्यावें, यांतच त्याचें नाणेंपण. नाणेसंग्राहकाची दृष्टि मात्र नेमकी उलटी असते. ज्याच्यावर ठसा पूर्ण उमटला आहे, राजाच्या मुकुटांतील एकही रेघ झिजलेली नाहीं, टांकसाळींतून निघाल्यापासून ज्याला कोणाच्या बोटाचा घाम लागलेला नाहीं, असा रुपया त्याला हवा असतो. आणि त्यासाठीं तो झिजलेल्या भावंडाच्या कितीतरी पट किंमत मोजतो. ज्यानें आपलें काम कधीं केलेंच नाहीं त्याचा हा बहुमान न्याय्य आहे काय?

दुसऱ्या महायुद्धांतील चांदीच्या नाण्यांविषयीं हा प्रश्न विशेष टोंचतो. कलदार रुपया १८३५ पासून एक तोळ्याचा, म्हणजे १८० ग्रेनचा, व बारांत अकरा भाग शुद्ध चांदीचा असे. जून १९४० मध्यें फ्रान्सचा पाडाव झाला आणि इकडे लोक नोटा देऊन रुपये घरीं नेऊं लागले. त्याच महिन्यांत गरजेहून अधिक नाणीं जमविणें हा भारत संरक्षण नियमांखालीं गुन्हा ठरला. पाठोपाठ एक रुपयाची नोट आली. आणि वर्ष संपण्यापूर्वीं रुपयांतील चांदी निम्म्यावर आणली गेली. उरलेल्या निम्म्यांत तांबें, निकेल व जस्त. वजन तेंच, राजा तोच, नांवही तेंच. इंग्लंडनें हाच प्रयोग आपल्या स्वतःच्या शिलिंगावर १९२० सालींच केला होता, तेव्हां निदान पक्षपाताचा दोष देतां येत नाहीं. जुने राणीछाप रुपये १९४१ पासून चलनांतून बाद झाले, आणि मागोमाग इतर राजांचे चांगल्या चांदीचे रुपयेही गेले. इतवारीच्या सराफ्यांत १९३८ चा रुपया एका कप्प्यांत पडतो व १९४१ चा दुसऱ्यांत. सराफाच्या तराजूला राजा एकच, चांदी दोन.

मग त्या वर्षांतील कोरीं नाणीं आपल्यापर्यंत आलीं कशीं? कोणीतरी तीं दडवून ठेवलीं म्हणून. १९४३ हें बंगालच्या दुष्काळाचें साल. तें साल ज्यावर कोरलें आहे असा निष्कलंक रुपया भिंगाखालीं धरला, म्हणजे मला त्याच्या चकाकीबरोबर एक बंद ट्रंकही दिसूं लागते. ट्रंकेच्या धन्याला मी सरसकट लोभी म्हणणार नाहीं. सरकारनें आपल्या रुपयांतील चांदी काढून घेतल्यावर प्रजेनें सरकारच्या शब्दावर विसंबून राहावें, अशी अपेक्षा करणें कठीण आहे. आणि बँकेची पायरी कधीं न चढलेल्या विधवेनें चार रुपये लुगड्याच्या घडींत ठेवले असतील, तर तिला साठेबाज कोण म्हणेल? पण भीतीनें असो वा लोभानें, तो रुपया कोणाच्या तरी हातीं जावयाचा होता आणि गेला नाहीं, एवढें खरें.

दुसरें असें कीं, सुबक ठसा हा नाण्याचा स्वतःचा गुण नव्हे. नव्या ठशाखालीं जें प्रथम आलें त्याच्यावर केसन् केस उमटतो. ठसा झिजल्यावर जें आलें त्याच्यावर राजाची भिवई पुसट राहते. दोन्हीं एकाच रसांतून ओतलेलीं. उत्तम नाण्याचें भाग्य दुहेरी असतें, जन्माचें आणि संगोपनाचें. आपल्या समाजांतही अशीं माणसें दिसतात. त्यांच्या स्वच्छतेचें आपण कौतुक करतों, आणि त्यांना कधीं बाजारांत उतरावें लागलें नाहीं हें विसरतों.

बाजारांत उतरलेल्या रुपयांचें काय झालें तेंही पाहण्याजोगें आहे. युद्धकाळांत अमेरिकेनें हिंदुस्थानास सुमारे साडेबावीस कोटी औंस चांदी उसनी दिली होती, आणि ती चांदीच्याच रूपानें फेडावयाची होती. १९४७ मध्यें निकेलचा रुपया आला, आणि चार धातूंचे रुपये गोळा करून त्यांतील चांदी वेगळी काढण्यासाठीं कलकत्त्याजवळ अलीपूर येथें भट्ट्या पेटल्या. जे राबले ते शेवटीं देशाचें ऋण फेडण्यांत वितळले. जे लपले ते मखमलीवर बसले.

आणि तरीही संग्राहकास दोषी ठरवून मोकळें होणें मला जमत नाहीं. ठसा कोरणाऱ्या कारागिराचें कसब पाहावयाचें तर तें त्या कोऱ्या रुपयावरच दिसतें. चालत्या रुपयानें तें बोटांना वांटून टाकलेलें असतें. मात्र ज्ञानाच्या दृष्टीनें देखील सुबकतेची मिरास पूर्ण नाहीं. १९३९ मध्यें आपल्या वऱ्हाडांत, तेव्हांच्या अकोला जिल्ह्यांतील तऱ्हाळें येथें सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा सांठा सांपडला. अक्षरें अर्धवट, ठसे बाजूला सरकलेले. एकावर आरंभ, दुसऱ्यावर शेवट, अशीं तीं नाणीं ताडून पाहतांना महामहोपाध्याय मिराशींनीं पुराणांच्या याद्यांत नसलेले कुंभ, कर्ण आणि शक हे सातकर्णी राजे उजेडांत आणले. यांतील पुष्कळ नाणीं आजच्या लिलांवांत कोणी हातींही धरणार नाहीं.

आमच्या घरांतून लक्ष्मीपूजनाच्या पाटावर ठेवावयाचा राणीछाप रुपया दरवर्षीं चिंचेनें घांसला जातो, आणि पिढ्यान् पिढ्यांच्या त्या भक्तीनें राणीचें नाक सपाट होतें. संग्राहक तें पाहून कळवळतो. मी घांसणाऱ्या आजीच्या बाजूचा आहें, कारण ती झीज लपवीत नाहीं, वाढवीत असते. झिजलेला रुपया उजळून कोरा म्हणून विकणारा व्यापारी मात्र निराळा. संग्राहकाकडे माझें एकच मागणें आहे. त्याच्या वहींत साल असतें, टांकसाळीची खूण असते, मुंबईची किंवा १९४३ मध्यें चालूं झालेल्या लाहोरची. ठशाची प्रतही असते. त्यापुढें आणखी एक रकाना आंखावा आणि रुपया कोणाच्या ट्रंकेंतून आला, तो तेथें कां राहिला, हें विचारून लिहावें. सांगणारीं माणसें आतां फार थोडीं उरलीं आहेत.