पाठलागाच्या मात्रा

जेरी गोल्डस्मिथ की जॉन विल्यम्स, हा आमच्या दोघांतला वाद आता पंचवीस वर्षांचा झाला. विषय दिसायला पोरकटच: सिनेमातल्या हाणामारीचं, पाठलागाचं संगीत सगळ्यांत भारी कोण लिहितं? मित्र विल्यम्सवाला. त्याचा हुकमी पत्ता म्हणजे ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ (१९८१) मधला वाळवंटातल्या ट्रकचा पाठलाग. इंडियाना जोन्स घोड्यावरून ट्रकवर झेप घेतो, काचेतून बाहेर फेकला जातो, ट्रकखालून फरफटत मागे निघतो, पुन्हा वर चढतो. आणि सात-आठ मिनिटं वाद्यवृंद त्याच्या ठोशाठोशाची नोंद ठेवतो. ऐकताना हेवा वाटतो, हे कबूल. शिवाय मित्र ऑस्करचा हिशेब काढतो. विल्यम्सकडे पाच बाहुल्या. गोल्डस्मिथला नामांकनं अठरा आणि बाहुली एक, तीही ‘द ओमेन’ या भयपटासाठी. तरी मी गोल्डस्मिथवाला, आणि या वयात पक्ष बदलायचा विचार नाही.

माझं कारण मात्रांचं आहे. ते सांगायचं तर आधी ही मंडळी काम कसं करतात ते पाहावं लागेल. पडद्यावर एका सेकंदात चोवीस चौकटी सरकतात. दर बारा चौकटींना एक ठोका धरला की मिनिटाला १२० ठोके होतात. हा ठोका, म्हणजे ‘क्लिक’, वादकांच्या हेडफोनमध्ये टकटकत राहतो. दार कितव्या ठोक्याला फुटणार, गोळी कितव्या ठोक्याला सुटणार, हे संगीतकाराला कागदावर आधीच ठाऊक असतं. आपल्याकडे तबल्याच्या एकलवादनात हार्मोनियमवाला लेहरा धरून बसतो, तसंच काहीसं हे काम. फरक इतकाच की लेहरा धरणाऱ्याला कान असतात. क्लिकला नसतात.

अशा चौकटीत बांधलेला संगीतकार दोन गोष्टी करू शकतो. पडद्यावर ठोसा पडला की तोही ठोसा मारतो, हा सोपा मार्ग; विल्यम्सने त्याचं सोनं केलं, त्याच्या मागून येणाऱ्यांनी पितळ. दुसरा मार्ग म्हणजे स्वतःची मोजणी चालू ठेवायची आणि चित्राला तिच्याशी झुंजू द्यायचं. गोल्डस्मिथचं ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ (१९६८) ऐका. घोड्यांवर स्वार झालेले वानर माणसांची शिकार करतात, तो प्रसंग. स्वयंपाकघरातले स्टीलचे वाडगे, मेंढ्याच्या शिंगाचं रणशिंग, वानराच्या हुंकारासारखा आवाज काढणारं क्विका हे ब्राझिली वाद्य, आणि खालून पियानोची हट्टी धाव. हे सगळं ऐकून दचकायला होतंच. पण खरी गंमत अशी की ठेक्यावर पाऊल टाकायला जावं तर तो तिथे नसतो.

माणसाला दोन पाय. चाराच्या मोजणीत तो आपोआप चालू लागतो, आणि चालू लागलेल्या माणसाला भीती वाटत नाही. त्याचं संचलन होतं. गोल्डस्मिथ पाच, सात अशा विषम मात्रांत लिहायचा. आपल्या कानाला हे परकं वाटू नये, कारण रूपक तालात आपण हेच करतो. सात मात्रा, तीन-दोन-दोन, आणि सम ‘खाली’वर. जिथे टाळी पडायची तिथेच हात मोकळा सुटतो. अंधारात जिना उतरताना आणखी एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसा धक्का. लालो शिफ्रिनच्या ‘मिशन : इम्पॉसिबल’च्या (१९६६) पाच मात्रांची दुप्पट करून मोजलं तर दहा भरतात, आपल्या झपतालाएवढ्या. पण झपताल दोन-तीन-दोन-तीन असा डुलत जातो आणि शिफ्रिन तीन-तीन-दोन-दोन असा: आधी दोन लांब ढांगा, मग दोन घाईच्या. चोर दबकत येतो आणि शेवटची दोन पावलं पळतो. चित्र बघायचीही गरज नाही.

इथे मित्र मला ‘ई. टी.’ (१९८२) ऐकवतो, आणि त्याचं बरोबर असतं. शेवटच्या सायकलींच्या पाठलागाचं संगीत चित्राशी जुळवून वाजवताना विल्यम्सचं मनासारखं होईना. तेव्हा स्पीलबर्गने पडद्यावरचं चित्रच बंद करायला लावलं. मैफलीत वाजवाल तसं वाजवा, म्हणाला. आणि नंतर शेवटाचं संकलन त्या ध्वनिमुद्रणाला धरून केलं. सायकली आभाळात उठतात तेव्हा जी मोकळीक वाटते ती क्लिकच्या तावडीतून सुटलेल्या वाद्यवृंदाची आहे. याची आजी म्हणावी अशी गोष्ट १९३८ची. ‘अलेक्झांडर नेव्हस्की’त गोठलेल्या सरोवरावरची लढाई उभी करताना आयझेनस्टाइन आणि प्रोकोफिएव्ह यांच्यात देवघेव चालायची: काही ठिकाणी संगीत चित्राबरहुकूम लिहिलं गेलं, काही ठिकाणी चित्रच संगीताबरहुकूम कापलं गेलं. सेर्जिओ लिओनी तर एन्निओ मॉरिकोनेचं संगीत चित्रीकरणाच्या जागीच वाजवायचा आणि नट त्या लयीत चालायचे. थोडक्यात, कोण कोणाची साथ करतंय हे ठरवल्याशिवाय कोण मोठा हे ठरवता येत नाही. कथकमध्ये तबलजी पायांमागे जातो की पाय तबल्यामागे? चांगल्या मैफलीत ते कळतच नाही.

हान्स झिमरच्या भक्तांना मी दोन वाक्यांत निकालात काढतो, म्हणून ते माझ्यावर चिडतात. ‘डंकर्क’मध्ये (२०१७) त्याने शेपर्ड सुरांची करामत केली: एकावर एक सप्तकं चढत जातात, वरचा सूर विरतो तोवर खालून नवा उमटतो, आणि कानाला वाटतं चढण संपतच नाही. रहाटगाडगं! एक पोहरा रिता होऊन खाली जातो, दुसरा भरून वर येतो. बुडत्या जहाजांच्या सिनेमाला हे फार शोभलं, पण ज्याला सम नाही त्याला मी पाठलाग म्हणत नाही. ती घुसमट. तिचं कौतुक वेगळ्या खात्यात.

‘शोले’तला (१९७५) बसंतीच्या टांग्याचा पाठलाग आठवा. राहुल देव बर्मनपाशी भरगच्च वाद्यवृंद होता, पण तिथे त्याने तबला पुढे आणला. वाजवायला बनारसचे पंडित सामता प्रसाद. बनारसचा बाज खुला, दणकट, थापेचा. धन्नोच्या टापांना त्यापेक्षा जवळचं काही असूच शकत नाही. परदेशी संगीतकाराला घोडा दिसला की तो पितळी वाद्यांकडे धावतो. इथे चामड्यावर नुसती बोटं पळतात, आणि आपल्याला घोड्याची छाती भात्यासारखी हलताना दिसते. वाद लावायचाच तर सामता प्रसादांचं नाव यादीत घ्या, असं मी एकदा म्हणालो. ते संगीतकार नाहीत, असा मित्राचा आक्षेप. मग मी त्याला कोल्हापूरला नेलं.

कुस्तीच्या मैदानात हलगी, घुमकं आणि कैताळ वाजवणारे मातीच्या कडेला बसतात. सलामी झाली, खडाखडी सुरू झाली की हलगी नुसती टुकटुकत असते, जणू घसा साफ करतेय. एकाने पट काढला की ती तापते. दोघं कब्ज्यात अडकून पाच-पाच मिनिटं हलत नाहीत तेव्हा पंचाईत. तमाशबीन ओरडायला लागतात, पण हलगीवाला ठेका सोडत नाही, वाढवतही नाही, जित्राबाला चुचकारावं तसा धरून ठेवतो. नजर पैलवानाच्या खांद्यांवर. कोण कधी आस्मान बघणार हे त्याला ठाऊक नाही. गोल्डस्मिथला, विल्यम्सला, झिमरला, सगळ्यांना शेवट ठाऊक असतो, चौकटीच्या आकड्यानिशी. मैदानातून परतताना मित्र बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “तो हलगीवाला तुझ्या बाजूचा की माझ्या?” मला सांगता आलं नाही.

त्यानंतर वादाची धार गेली असं नाही, दिशा थोडी बदलली. आता आम्ही संगीत कुठे थांबलं त्यावर भांडतो. ‘बुलिट’मध्ये (१९६८) सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर दोन गाड्या एकमेकींचा माग काढत फिरतात, तोवर शिफ्रिनचं जॅझ सोबत असतं. मग खुन्यांच्या गाडीचा चालक पट्टा आवळतो, टायर किंचाळतात आणि संगीत गप्प. पुढे फक्त इंजिनं. पाठलाग सुरू झाल्यावर संगीत नको, हा सल्ला खुद्द शिफ्रिनचा होता. स्वतःच्या हातातलं काम असं सोडून देणारा कारागीर मला तरी दुसरा आठवत नाही.

आणि ‘फँड्री’. नागराज मंजुळेच्या या सिनेमात कचरू माने आणि त्याचं कुटुंब गावात डुक्कर पकडायला धावतंय. त्याचा मुलगा जब्या शाळेतल्या पोरांपासून तोंड लपवत. अख्खं गाव तमाशा बघायला कठड्यांवर बसलेलं. डुक्कर हाताशी आलंय आणि एवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. सगळं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं. डुक्कर मात्र ताठ उभं राहायला बांधील नाही.

मित्र म्हणाला, “हे तू कोणत्या संगीतकाराच्या खात्यावर मांडणार?”

मी म्हटलं, पाठलागाचं इतकं जीवघेणं संगीत मी दुसरं ऐकलेलं नाही. बावन्न सेकंदांचं आहे.

“हो, पण त्यात तर कुणी पळतच नाही.”

आम्ही ते दृश्य पुन्हा लावलं.