काटकसर कोणाच्या ताटातून?

तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची जी चार सुखे सांगितली, त्यांत एक अनृणसुख आहे: कोणाचे थोडे वा फार देणे नसण्याचे सुख. ते मिळवायचे तर काटकसर आलीच. पण उपासक-उपासिकांनो, ती कोणाच्या पोटाला चिमटा घेऊन करायची?

बहुतेक घरांत ती मुकाट्याने बाईच्या ताटातून होते. ती शेवटी जेवते, उरेल ते खाते; घरधन्याची तंबाखू व मित्रमंडळींचा चहा मात्र चालूच. याला काटकसर म्हणणे मला तरी मान्य नाही. सिगालोवाद सुत्तात पतीच्या पाच कर्तव्यांत पत्नीच्या हाती घरचा अधिकार सोपवणे हे एक आहे. तेव्हा कर्जाचा हिशेब आधी तिच्यापुढे उघडा करावा. लपवलेले कर्ज घर फेडणार कसे?

दरमहा शेकडा ५ रुपये व्याजाने १०,००० घेतले, तर वर्षाला ६,००० व्याजातच जातात. महिन्याला ५०० भरणारा जन्मभर भरतो, मुद्दल जागचे हलत नाही. तोच ८०० भरू लागला, तर पुढल्या महिन्याचे व्याज ४८५ होते. हे १५ रुपये क्षुल्लक वाटतात, पण हुरूप त्यांनीच टिकतो. तो आकडा वहीत लिहून मुलांनाही दाखवावा. वरचे ३०० तंबाखू, मानपान, आहेर यांतून काढावेत. दूध व वह्या-पुस्तकांतून नव्हे.

त्याच सुत्तात मिळकतीचा चौथा भाग संकटासाठी राखण्यास सांगितले आहे. कर्जदाराला तेवढे कोठून जमणार? तरी ५० रुपये डब्यात पडू द्यावेत. नाहीतर पोर तापाने फणफणले की पुन्हा सावकाराचीच पायरी.