रोजा आणि लिथियमची गोळी



रमजान जवळ आला की जुन्या नाशकातील आमच्या मशिदीत अस्रनंतर कुणीतरी हलक्या आवाजात विचारते, "मौलाना, भाऊ डोक्याच्या गोळ्या घेतो. या महिन्यात बंद केल्या तर चालेल ना?" गुडघेदुखीच्या गोळीविषयी हाच प्रश्न लोक मोठ्याने विचारतात.

बायपोलर, म्हणजे द्विध्रुवी विकार, हा मनोदशेचा आजार आहे. कधी अनेक आठवडे माणूस निराशेत बुडतो. वुजूसाठी उठणेही त्याला जड जाते, मरणाचे विचार येतात. कधी याच्या उलट घडते. दोन-तीन तासांची झोप पुरते, बोलणे थांबत नाही, दुकानाचे भांडवल तो दोन दिवसांत उधळतो. पहिल्या अवस्थेला आपण ईमानचा दुबळेपणा म्हणतो; दुसरीत तो रात्रभर तिलावत करू लागला तर तिला बुजुर्गी म्हणतो. दोन्ही वेळा आपण चुकतो.

या आजारावर लिथियमचा गुण येतो, हे ऑस्ट्रेलियातील डॉक्टर जॉन केड यांनी 1949 साली दाखवले. आजही ते यावरील एक प्रमुख औषध आहे. मात्र त्याची गुणकारी पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर थोडे, म्हणून वेळोवेळी रक्त तपासावे लागते. शरीरातील पाणी घटले की रक्तातील लिथियम वाढते. हात थरथरतात, उलट्या होतात, तोल जातो. उन्हाळ्यातील रोजात हा धोका अधिक. आणि गोळी मनानेच अचानक बंद केली, तर आजार उसळून परततो. सहरी-तरावीहमध्ये तुटलेली झोपही उन्मादाला निमित्त ठरू शकते.

म्हणून रमजानपूर्वीच डॉक्टरांना भेटा. कुणाला गोळीची वेळ बदलून रोजे ठेवता येतात. ज्यांना मनाई होईल त्यांच्यासाठी सूरह अल्-बकरहच्या 184 व्या आयतीत सवलत आहे: आजाऱ्याने ती संख्या इतर दिवशी पूर्ण करावी. बरे होण्याची आशाच नसेल, तर फिदया आहे. अल्लाहने दिलेली सवलत नाकारण्यात कसला आला तकवा? दुआ अवश्य करा, पण उपचार घेण्याची शिकवणही प्रेषितांचीच (स.) आहे.

उधळपट्टीबाबत सूरह अन्-निसाची पाचवी आयत वाचा. अविचारी माणसाच्या हाती संपत्ती देऊ नये, तिच्यातूनच त्याला खाऊ घालावे, कपडे द्यावेत आणि त्याच्याशी भले बोलावे, असे तीत सांगितले आहे. तिजोरीची किल्ली आपण लगेच काढून घेतो. भले बोलणे तेवढे राहून जाते.

नाशिकच्या जिल्हा शासकीय रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत असून चोवीस तास चालू असतो. एकट्याने जायला संकोच वाटत असेल, तर जुमाच्या नमाजनंतर थांबा; मी सोबत येईन.