‘ते मूल’

आपल्या मायबोलीत ‘मूल’ हा शब्द नपुंसकलिंगी आहे. ‘बाळ’ आणि ‘लेकरू’ हे शब्दही तसेच. पाळण्यात निजलेल्या जिवाला भाषा प्रथम ‘ते’ म्हणते. ‘तो’ की ‘ती’ हा विचार मागाहून येतो. हे शब्द आम्ही लहानपणापासून उच्चारीत आलो, परंतु त्यांत केवढी माया आहे हे आमच्या ध्यानी येण्यास एक प्रसंग घडावा लागला. संबंधितांच्या अनुमतीने, परंतु त्यांची ओळख न देता, तो येथे सांगतो.

एके सायंकाळी आरतीनंतर एक तरुण दांपत्य आपले तान्हे मूल घेऊन देवळात आले. बरोबर मुलाची आजी होती. महिना उलटला तरी बारसे झालेले नव्हते. मुलाच्या शरीराची ठेवण मुलाची की मुलीची हे तूर्त निश्चित सांगता येत नाही, तपासण्या चालू आहेत, जिवास अपाय नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते. शेजारीपाजारी मात्र रोज विचारीत होते. आई मान खाली घालून बसली होती. शेवटी आजीच म्हणाल्या, “गुरुजी, ही आईचीच वस्तू. जरा मोठं झालं की सौंदत्तीच्या डोंगरावर नेऊन आईला सोडावं, असं म्हणते मी. घरात कसं ठेवायचं?”

आमच्या तीर्थरूपांनी उत्तर दिले नाही. त्यांनी पंचांग मागविले, जन्मवेळ विचारली आणि नक्षत्राचा चरण काढून नावाचे अक्षर सांगितले. मग म्हणाले, “आजी, अक्षर चरणावरनं येतं. गोत्र बापाचं. रास चंद्रावरनं. यांतलं एक तरी, मुलगा का मुलगी, असं विचारतं काय? पंचांगाला जे लागत नाही ते तुम्हाला आजच कशाला लागतं? बारसं करा.”

मुलाचे नाव समाक्षरी व मुलीचे विषमाक्षरी असावे, असे गृह्यसूत्रांत सांगितले आहे, आणि ते तीर्थरूपांना ठाऊक नव्हते असे नाही. परंतु त्या घरची अडचण अक्षरे मोजून सुटणारी नव्हती. घरची मंडळी गेल्यावर आम्ही पुष्कळ वेळ विचार करीत बसलो. आजींच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. उलट भक्तीच होती. मग मनाला ते इतके का लागावे?

आपल्या सीमाभागास ही भक्ती परिचयाची आहे. मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेस निपाणी, चिकोडी, गडहिंग्लज, कोल्हापूर येथून हजारो कुटुंबे रेणुका-यल्लम्मेच्या दर्शनास सौंदत्तीला जातात. देवीचा जग डोक्यावर घेतलेले, लुगडे नेसलेले, चौंडक्याच्या तालावर गाणारे जोगप्पा आपण पाहिले आहेत. आपल्याकडे त्यांना जोगते म्हणतात. मंगळवारी-शुक्रवारी ते दारी आले की आपण सुपातून जोगवा घालतो, भंडारा कपाळी लावून घेतो, त्यांच्या आशीर्वादाला मान देतो. गडहिंग्लज भागातील लेखक राजन गवस यांनी ‘भंडारभोग’ या कादंबरीत हेच जग चितारले आहे. २००९ साली आलेल्या ‘जोगवा’ या चित्रपटामुळे ते सर्वत्र पोचले.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. जोगप्पांपैकी बहुतेकांचे शरीर जन्मतः पुरुषाचेच असते. मन व वृत्ती स्त्रीची असते. ज्या बालकाची गोष्ट आम्ही सांगितली त्याची स्थिती निराळी. त्याच्या शरीराची घडणच दोहोंच्या मधली आहे. अशांना आज ‘आंतरलिंगी’ असे म्हणतात. दोन्ही गोष्टी भिन्न आहेत. परंतु दोघांच्या वाट्याला आपल्याकडून येते ते वाक्य एकच : ‘हे आपल्या घरातले नव्हे.’ आणि त्या वाक्यावर आपण भक्तीचे पांघरूण घालतो. आपण ‘देवीला सोडले’ असे म्हणतो. भाषा खोटे बोलत नाही. त्या ‘सोडले’त अर्पण किती आणि टाकणे किती, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

बळ्ळारी जिल्ह्यातील मंजम्मा जोगती यांचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. मुलगा म्हणून जन्मलेल्या या व्यक्तीला कोवळ्या वयात देवीची दीक्षा मिळाली, पण घर सुटले. भिक्षा मागून दिवस काढावे लागले. पुढे जोगती नृत्यात त्यांनी असे प्रावीण्य मिळविले की २०१९ मध्ये त्या कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्षा झाल्या आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. राष्ट्रपतिभवनात पदराने राष्ट्रपतींची दृष्ट काढून त्यांनी आशीर्वाद दिला, तो क्षण साऱ्या देशाने पाहिला. आम्हांसही कौतुक वाटले. परंतु कौतुक करणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी तसे मूल आपल्या घरी वाढू दिले असते?

शास्त्राचा आधार घेऊन कोणी या लेकरांना दूर लोटील, तर त्याने शास्त्र पुरते पाहावे. शब्दरूपावली पाठ करणाऱ्या बटूलाही लिंगे तीन आहेत हे पहिल्या काही दिवसांतच कळते. आणि ज्याला उपनिषदे परमतत्त्व मानतात ते ‘ब्रह्म’ याच तिसऱ्या लिंगातले आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात अशा जन्मांचे प्रकार सांगून त्यांची कारणे गर्भावस्थेत शोधली आहेत. ज्या चंद्रवंशात कौरव-पांडव जन्मले त्याची मूळ माता इला ही पुरुषही होती आणि स्त्रीही, असे पुराणे सांगतात. अर्धनारीनटेश्वरासमोर तर आपण हात जोडतोच.

याच परंपरेत कठोर वचनेही आहेत, हे लपविण्यात अर्थ नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात क्लीब, जन्मांध, बधिर इत्यादिकांस वडिलार्जित धनात वाटा नाही असे म्हटले आहे. मात्र लगेच पुढच्याच श्लोकात, त्यांना यथाशक्ती अन्नवस्त्र द्यावे, न देणारा पतित होतो, असेही बजावले आहे. म्हणजे ज्या स्मृतीने वाटा नाकारला तिनेही घर नाकारले नाही. पुढे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने, रोग, दोष वा व्यंग यांवरून कोणाचाही वारसा हिरावता येणार नाही असे ठरविले, आणि स्मृतीतील ती उणीवही भरून निघाली.

आधुनिक वैद्यकाने यातील गूढ पुष्कळसे उकलले आहे. गर्भ सुमारे सहा-सात आठवड्यांचा होईपर्यंत पुढे वृषण किंवा बीजांडकोश होणारी ग्रंथी एकाच स्वरूपाची असते. मग गुणसूत्रे व संप्रेरके यांच्या योगाने ती एका दिशेने वाढू लागते. सामान्यतः स्त्रीच्या पेशींत दोन एक्स, तर पुरुषाच्या पेशींत एक एक्स व एक वाय अशी गुणसूत्रे असतात. परंतु कोणाच्या ठायी दोन एक्स व एक वाय असतात. कोणाचे शरीर एक्स-वाय असूनही पुरुषी संप्रेरकांना दाद देत नाही, आणि बाह्य रूप स्त्रीचे होते. कोणाच्या मूत्रपिंडावरील ग्रंथीतून असे संप्रेरक जादा स्रवते. या शेवटच्या प्रकारात कधी कधी अंगातील मीठ झपाट्याने घटून पहिल्या काही आठवड्यांतच जिवास धोका संभवतो. म्हणून असे मूल जन्मल्यास अंगारा-धुपाऱ्यात वेळ न दवडता प्रथम डॉक्टरांकडे जावे, हे आम्ही देवळाच्या पत्रिकेतच आवर्जून लिहितो.

मात्र जीव वाचविणारा उपचार निराळा, आणि लोकलज्जेपायी अजाण बालकावर शस्त्र चालवून त्याला ‘मुलगा’ वा ‘मुलगी’ करणे निराळे. २२ एप्रिल २०१९ रोजी मद्रास उच्च न्यायालयाने अशा अनावश्यक शस्त्रक्रिया थांबविण्याचा आदेश दिला आणि त्याच वर्षी तामिळनाडू सरकारने त्यांवर बंदी घातली. त्यामागील तत्त्व साधे आहे. देह ज्याचा आहे त्याला बोलता येईपर्यंत इतरांनी थांबावे. त्याआधी १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांच्या ओळखीस मान्यता दिलीच होती. न्यायालये एवढे करू शकली. पंगतीत शेजारी बसविण्याचे काम कोणत्याही न्यायालयाचे नव्हे, ते आपले आहे.

आता सर्वांत अवघड आक्षेप. कोणी म्हणेल, ‘हे पूर्वकर्माचे फळ आहे, आपण काय करणार?’ कर्मसिद्धान्तावर आमचीही श्रद्धा आहे, आणि म्हणूनच या बोलण्याचे आम्हांस भय वाटते. कर्म तीन प्रकारचे : संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण. त्या बालकाचे शरीर हे त्याचे प्रारब्ध मानले, तरी त्याच्याशी आपण आज जसे वागतो ते आपले क्रियमाण आहे. दुसऱ्याच्या प्रारब्धाचा हिशेब आपल्या हाती नाही. आपल्या क्रियमाणाचा हिशेब मात्र आपल्याच नावे मांडला जात आहे. कर्मसिद्धान्त हा आपल्या वागणुकीला आवर घालण्यासाठी आहे. शेजाऱ्याचे दुःख पाहून दार लावून घेण्याची सबब म्हणून नव्हे.

लोक काय म्हणतील, भावंडांची लग्ने कशी जमतील, हे भय खोटे नाही. ते एका घराला एकट्याने पेलत नाही, म्हणूनच तर मूल डोंगरावर जाते. परंतु ‘लोक’ म्हणजे कोण? या पत्रिकेचे वाचक, आपण सभासद कुटुंबेच ना? तेव्हा आपल्याच हातातील काही गोष्टी आम्ही नम्रपणे सुचवितो. कोणाच्या पाळण्यापाशी दुसऱ्यांदा ‘मुलगा की मुलगी’ असे विचारू नये. अशा घरचे बारसे, उष्टावण, वाढदिवस यांस आवर्जून जावे. सोयरीक जुळविताना भावंडाचा जन्म हे वैगुण्य धरू नये. जोगवा मागणाऱ्यास धान्य घालावे, तसेच महाप्रसादाच्या पंगतीत पानही मांडावे. आणि ते मूल मोठे होऊन आपण कोण आहोत हे स्वतः सांगेल, तेव्हा त्याचे ऐकावे.

त्या मुलाचे बारसे झाले. आजींनीच पाळण्याची दोरी धरली. पुढे उष्टावणासाठी ते देवळात आले तेव्हा आजी त्याला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. कोणीतरी नेहमीचा प्रश्न विचारलाच. आजी म्हणाल्या, “आमचं मूल आहे ते.” तीर्थरूपांनी खिरीची वाटी पुढे केली. याहून निराळे उत्तर आम्हांस सुचत नाही. इत्यलम्.