वाटणीचा करार

दिल्लीच्या करोल बागेतून पूर्वेला निघून यमुना ओलांडली, की पटपडगंजचा परिसर लागतो. ११ सप्टेंबर १८०३ रोजी या भागात जनरल लेकच्या फौजेने दौलतराव शिंद्यांच्या सैन्याचा पराभव केला आणि दिल्लीवरील मराठ्यांचे वर्चस्व संपुष्टात आले. या पराभवाची कारणे आपण फितुरीत किंवा वसईच्या तहात शोधतो. मला मात्र त्याआधीचा एक करार विचारात घ्यावासा वाटतो.

१७९० साली पुणे दरबार, निजाम आणि ईस्ट इंडिया कंपनी टिपूविरुद्ध एकत्र आले. नाना फडणीसांची बाजू दुबळी नव्हती. हैदर-टिपूंनी कृष्णेपलीकडचा मराठी मुलूख घेतला होता; तो परत मिळवणे न्याय्यच होते. परंतु करार झाला तो जिंकलेल्या प्रदेशाच्या समान वाटणीचा. परत मिळवणे आणि वाटून घेणे यांतील सीमारेषा तेथेच पुसली गेली. १७९२ च्या श्रीरंगपट्टणच्या तहाने टिपूचे निम्मे राज्य गेले आणि त्याचे दोन मुलगे ओलीस राहिले.

याच मोहिमेत, १७९१ मध्ये, परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. त्याच्या पुनर्स्थापनेसाठी साहाय्य धाडले ते टिपूने. युतीत लुटीचे वाटे ठरतात. पापाचा वाटा मात्र कोणीच उचलत नाही.

अशा मैत्रीला बांधून ठेवते ती तिसऱ्याची भूमी. ती वाटून संपली, की मैत्रीही संपते. १७९५ मध्ये खर्ड्याला मराठे आणि निजाम परस्परांशी लढले आणि कंपनी तटस्थ राहिली. युरोपातही निराळे घडले नाही. ऑगस्ट १९३९ मध्ये जर्मनी आणि सोव्हिएत संघ यांनी गुप्तपणे पोलंड वाटून घेतला. २२ जून १९४१ रोजी जर्मन फौजा सोव्हिएत भूमीत शिरल्या.

संकटकाळी मित्र निवडून घेता येत नाहीत, हा युक्तिवाद मला मान्य आहे. पण हेतू निवडता येतो. दुसऱ्याचा मुलूख केवळ वाटा म्हणून मोजण्याची सवय ज्याने लावून घेतली, त्याने स्वतःच्या मुलखाची मोजणी होताना कोणत्या तत्त्वाच्या आधारे हरकत घ्यावी? १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, तेव्हा राज्याबरोबर हा प्रश्न विचारण्याचा अधिकारही आपण गमावलेला होता. आणि तो कोणी हिरावून घेतला नव्हता.