शिरेतला आवळा

मावशीच्या हाताला आता शीर सापडत नाही. सिस्टर बराच वेळ मनगटावर टिचक्या मारत राहते, तेव्हा कुठे सुई लागते. केमोने थकलेल्या त्याच हाताला गेले दोन महिने दर शनिवारी आणखी एक सलाईन लागतं. ते क जीवनसत्त्वाचं, एका खासगी दवाखान्यात. मी हरकत घेतली तेव्हा मावसभाऊ म्हणाला, "दादा, आवळ्यातलंच तर आहे ते. फायदा झाला तर झाला, नाही तर बिघडतंय काय?"

हे 'बिघडतंय काय' काही केल्या डोक्यातून जाईना.

खलाशांच्या हिरड्या, लिंबू, स्कर्व्ही हे सगळं आपण शाळेत वाचलंय. माझा मुद्दा तोंड आणि शीर यांतल्या फरकाचा आहे. आवळा खाल्ला की आतडं ठरवतं किती आत घ्यायचं, आणि जास्तीचं मूत्रपिंड बाहेर टाकतं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मार्क लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा हिशेबच मांडला. २००४ साली त्यांनी दाखवलं की सोसतील तेवढ्या गोळ्या खाल्ल्या तरी रक्तातलं प्रमाण लिटरमागे सुमारे २२० मायक्रोमोलच्या वर जात नाही. शिरेतून ५० ग्रॅम दिलं तर तेच १३,००० च्या पुढे जातं. एवढ्या प्रमाणात हे जीवनसत्त्व पेशींभोवती हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं, असं पुढच्याच वर्षी प्रयोगशाळेत दिसलं. पेशींना जपणारी वस्तू पेशी मारू लागते. म्हणजे बाटलीतून उतरतो तो आवळा नव्हेच. ते औषध आहे.

हा फरक मोठमोठ्यांच्या हातूनही निसटला. स्कॉटलंडचे शल्यचिकित्सक युअन कॅमेरॉन यांनी उपचार थांबलेल्या कर्करुग्णांना रोज १० ग्रॅम क जीवनसत्त्व दिलं, सुरुवातीला शिरेतून आणि पुढे तोंडावाटे. १९७६ साली त्यांनी आणि लायनस पॉलिंग यांनी लिहिलं की असे १०० रुग्ण इतरांच्या चौपटीहून जास्त काळ जगले. पण हे 'इतर' म्हणजे जुन्या कागदपत्रांतून निवडलेले १,००० रुग्ण. अशा तुलनेवर विसंबता येत नाही. मेयो क्लिनिकने मग रीतसर चिठ्ठ्या टाकल्या, निम्म्यांना नकली औषध दिलं, आणि १९७९ व १९८५ अशा दोन्ही वेळा फायदा शून्य निघाला. मात्र मेयोने दिलं ते फक्त तोंडावाटे. भांडण पेटलं ते रुग्णांनी आधी केमो घेतली होती का, औषध मध्येच का थांबवलं, यावर. तोंड की शीर, हा प्रश्न वीस वर्षं तसाच पडून राहिला. या वाया गेलेल्या वर्षांचं मला मनापासून वाईट वाटतं.

मावशीला मधुमेह आहे. मागच्या शनिवारी दवाखान्यातून आल्यावर बोटाला टोचून साखर पाहिली, तर यंत्रावर आकडा ३८६. भावाने इन्सुलिनची जादा मात्रा सिरिंजमध्ये भरलीसुद्धा. मावशीला ना तहान, ना घेरी. म्हणून मी म्हटलं, आधी लॅबमध्ये रक्त पाठवू. तिथे निघाली १४२. बोटाच्या रक्तावर चालणारी काही यंत्रं रक्तातल्या क जीवनसत्त्वालाच साखर समजतात. ती मात्रा टोचली असती तर मावशीची साखर कुठल्या कुठे उतरली असती. दवाखान्यात हे कुणी सांगितलं नव्हतं. जी-६-पीडी हे विकर कमी असलेल्या माणसाच्या तांबड्या पेशी या सलाईनने फुटू शकतात, म्हणून आधी ती तपासणी करायची असते. मुंबईतल्या पारशी कुटुंबांत ही उणीव बऱ्याच जणांना असते. ती तपासणीही मावशीची झाली नव्हती.

'बिघडतंय काय' हा प्रश्न घरच्यांपुरता नाही. २०१७ साली अमेरिकेत पॉल मॅरिक यांनी रक्तातल्या जंतुसंसर्गाच्या ४७ अत्यवस्थ रुग्णांना हे जीवनसत्त्व, स्टेरॉइड आणि थायामिन दिलं. आधीच्या ४७ जणांत मृत्यू ४० टक्के होते, ते ८.५ टक्क्यांवर आले असं त्यांनी मांडलं. अनेक अतिदक्षता विभागांनी 'बिघडतंय काय' हाच युक्तिवाद करून ते सुरू केलं. २०२२ साली कॅनडाच्या पुढाकाराने झालेल्या लोव्हिट चाचणीचा निकाल आला. रुग्ण ८७२, चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटलेले. नुसतं क जीवनसत्त्व मिळालेल्यांपैकी ४४.५ टक्के लोक २८ दिवसांत दगावले किंवा तेव्हाही यंत्राच्या नाही तर औषधाच्या आधारावर होते. नकली औषध मिळालेल्यांत हे प्रमाण ३८.५ टक्के होतं.

इथवर आलो तेव्हा 'बंद करा हे' असं भावाला बजावायचं माझं ठरलं होतं. पण लोव्हिटच्या निकालानेच मला अडवलं. जे बिघडवू शकतं त्यात ताकद आहे, आणि ताकद आहे तर ती कुठे कामी येईल हे शोधायलाच हवं. २०२४ साली आयोवा विद्यापीठाने स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे ३४ रुग्ण घेतले. नुसत्या केमोवर आयुर्मानाचा मध्यांक ८.३ महिने होता. केमोसोबत आठवड्यातून तीनदा ७५ ग्रॅम मिळालेल्यांत १६ महिने. चीनमध्ये ४४२ जणांवर आतड्याच्या कर्करोगासाठी हेच पाहिलं, तर रोग पुढे सरकायचा काही लांबला नाही. ३४ हा आकडा फार लहान आहे. तरी तो चिठ्ठ्या टाकून मिळालेला आहे, आणि ४४२ चा नकारही तसाच.

या रेणूचं पेटंट कुणाकडे नाही, त्यामुळे कंपनी त्यात पैसा ओतणार नाही. तो सार्वजनिक पैशातूनच यायला हवा, आणि यावा असं मी आता आग्रहाने म्हणतो. दवाखान्यातल्या शनिवारांतून मात्र कुणालाच काही कळत नाही. मावशीला त्यानंतर बरं वाटलं की वाईट, हे कुठेही लिहिलेलं नाही. फाइलमध्ये आठ पावत्या आहेत, त्याखेरीज कागद नाही.

केमोच्या डॉक्टरांना यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. सोमवारी त्यांच्याकडे जायचं ठरलंय. भाऊ फाइल घेऊन येतोय.