चाळ कमिटी कशासाठी?

चाळ कमिटी म्हटली की आपली पोरं नाक मुरडतात. गटार, दिवाबत्ती, वर्गणी. हे काय क्रांतीचं काम? मला हे पटत नाही. पण कमिटी म्हणजे नळ आणणारं मंडळ, हेही पटत नाही.

बी.डी.डी. चाळींचंच घ्या. 1920 साली सरकारनं बॉम्बे डेव्हलपमेंट डिरेक्टोरेट काढलं. वरळी, नायगाव, शिवडी, ना. म. जोशी मार्ग; मिळून 207 इमारती. खोली 160 चौरस फूट, मजल्यावर वीस खोल्या, संडास सामाईक. गावात पाणवठे वेगळे होते. इथं जात वितळायला काय हरकत होती? पण 5 जानेवारी 1974 ला वरळीत पँथरच्या सभेवर दगड आले, दंगल पेटली. 10 जानेवारीला परळच्या मोर्चात भागवत जाधव गेला. भिंतीला भिंत होती, शेजार नव्हता. बाबासाहेबांनी 1936 सालीच लिहून ठेवलंय की नुसतं जवळ राहिल्यानं माणसांचा समाज होत नाही, एकमेकांच्या व्यवहारात वाटा घ्यावा लागतो.

मग हा वाटा घ्यायचा कुठं? देवळात? लग्नाच्या पंगतीत? तिथं दारं बंद. तुंबलेल्या संडासाच्या अर्जावर मात्र सगळ्यांना सही करावी लागते. सही करताना बाजूला कोण बसलाय हे बघावं लागतं. म्हणून मला ही फालतू वाटणारी कामं मोठी वाटतात.

आता महाड. 1923 ला बोले ठराव झाला, 1924 ला नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं. कागदावर! 20 मार्च 1927 ला हजारो माणसं चालत गेली आणि पाणी प्याली. त्याच साली नगरपालिकेनं ठराव फिरवला. हायकोर्टाचा निकाल लागायला 1937 उजाडलं. पाणी पिण्याचा दिवस एक, खटल्याची वर्षं दहा. आपल्याला तो दिवस पाठ आहे. पण ती दहा वर्षं कागद कोण सांभाळणार, तारखेला कोण जाणार? संघटना त्या माणसांची असते. पोस्टरवर त्यांचे फोटो नसतात.

एक सांगतो, राग येईल. पाणी भरते बाई आणि कमिटीत बसतो बाप्या. जयंतीच्या वर्गणीचा हिशेब एखाद्या सुनेनं भर मीटिंगमध्ये मागितला तर आपले कार्यकर्ते, निळी टोपी घातलेले, तिला गप्प बस म्हणतात. ही पाटलाचीच चावडी झाली की, फक्त फोटो बदलला.

ऑगस्ट 2025 मध्ये वरळीतल्या नव्या टॉवरच्या पहिल्या 556 चाव्या वाटल्या. 500 चौरस फूट, संडास घरात, नळ घरात. चांगलं झालं, आपल्या आयांनी शंभर वर्षं रांगा लावल्या. पण आता दार लावलं की शेजाऱ्याशी भांडायलासुद्धा कारण उरत नाही. लिफ्टचा मेन्टेनन्स भरण्यापुरती सोसायटी राहणार का? पहिल्या मीटिंगला कोण खुर्चीवर बसतं आणि कोण भिंतीला टेकून उभं राहतं, ते जाऊन बघा.